सरासरी बुद्ध्यांकाचे नकाशे : पार्श्वभूमी

देशनिहाय बुद्ध्यांकाचे रंगीत नकाशे अधूनमधून पुन्हा फिरू लागतात. त्यातले बरेचसे आकडे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकातल्या तक्त्यातून, नाहीतर त्याच्या सुधारित आवृत्त्यांतून आलेले असतात. त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटपता येईल.

1905 मध्ये पॅरिसला तयार झालेल्या बुद्धिमत्तेच्या पहिल्या चाचणीचं काम मर्यादित होतं. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायची, म्हणजे त्यांना वेगळं शिकवता येईल. प्रदेशांच्या तुलनेला जोर आला तो पहिल्या महायुद्धात. अमेरिकी सैन्याने 17 लाखांहून अधिक जवानांची चाचणी घेतली आणि पुढे तिच्यावरून राज्यवार सरासऱ्या निघाल्या. उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या कृष्णवर्णीयांची सरासरी दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा जास्त भरली, तेव्हा वंशावरून निष्कर्ष काढणाऱ्यांची पंचाईत झाली. उत्तरेतल्या शाळा बऱ्या होत्या, एवढं साधं कारण मान्य व्हायलाही वेळ गेला.

आपल्याकडे 1930च्या दशकात धारवाडला त्याच फ्रेंच चाचणीवर आधारलेली मराठी आणि कानडी आवृत्ती तयार झाली. तिच्यावरचं पुस्तक 1940 मध्ये मुंबईत निघालं. पुढे 1960च्या दशकात नागपूरला मुलांसाठीच्या एका अमेरिकी चाचणीचं भारतीय रूप झालं. महाराष्ट्रातले समुपदेशक या दोन्ही चाचण्या अजून वापरतात, आणि गोची इथेच आहे. 100 हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. ज्या मुलांवर चाचणीचं प्रमाणीकरण झालं, त्यांची त्या साली आलेली सरासरी म्हणजे 100. धारवाडच्या चाचणीतलं 100 हे इंग्रजांच्या राज्यातल्या मुलांचं आहे. 1984 मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं गेलं की 1932 ते 1978 या काळात तिथली सरासरी सुमारे 14 गुणांनी वर सरकली होती. नंतर इतर अनेक देशांतही तेच दिसलं. म्हणजे नवी मुंबईतल्या ऐरोलीची मुलं जुन्या चाचणीवर आणि ग्रामीण मुरबाडची मुलं 2012च्या नव्या भारतीय प्रमाणीकरणावर तपासली, तर ऐरोली पुढे दिसेल आणि त्यातला काही फरक निव्वळ चाचणीच्या वयाचा असेल.

आता 2002चा तक्ता. त्यात 185 देश होते. प्रत्यक्ष चाचण्यांचे आकडे होते 81 देशांचे, तेही ब्रिटनची सरासरी 100 धरून जुळवून घेतलेले. उरलेल्या 104 देशांचे रकाने शेजारच्या किंवा साधारण तशाच वाटणाऱ्या देशांच्या आकड्यांवरून भरले होते. सगळा वाद या एका निर्णयाभोवती फिरतो, आणि तो वाटतो तितका तांत्रिक नाही. ही रीत आपल्याकडे लावायची तर मोखाड्यात एकाही मुलाची चाचणी न घेता शहापूर, जव्हार आणि त्र्यंबकेश्वरची सरासरी मोखाड्याच्या नावावर टाकायची, आणि मग शेजारचे तालुके एकमेकांशी किती जुळतात म्हणून नवल करायचं. भरलेले रकाने हे अंदाज आहेत असं मूळ पुस्तकात नमूद होतं. नकाशा रंगवणाऱ्यांनी ती खूण गाळली. पुढे काही देशांचे प्रत्यक्ष आकडे मिळाल्यावर ते आपल्या अंदाजांशी जुळतात, असा बचाव लेखकांनी केला. पण ते आकडे कुठून निवडले, हा प्रश्न तसाच राहिला.

कारण मोजलेले म्हणवणारे 81ही एका तोलाचे नव्हते. इक्वेटोरियल गिनीचा आकडा स्पेनमधल्या, विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांच्या एका संस्थेतून आला होता. इथिओपियाचा आला तो इस्रायलला नुकत्याच स्थलांतरित झालेल्या मुलांवरून. 2010 मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले अभ्यास नव्याने, निवडीचे निकष आधी ठरवून तपासले गेले, तेव्हा सरासरी 80च्या आसपास आली; तक्तेवाल्यांचा दावा 70च्या खालचा होता. 2020 मध्ये याच आकड्यांवर बेतलेला एक शोधनिबंध खुद्द त्या निबंधाच्या लेखकांनी मागे घेतला आणि त्याच वर्षी युरोपातल्या एका अभ्यासक संघटनेने हे आकडे वापरू नयेत असं जाहीर निवेदन काढलं. नकाशे फिरायचे थांबले नाहीत, ते वेगळं.

प्रदेश म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मात्र या वादात फारसा कुणी काढत नाही. 2011च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, सुमारे 1 कोटी 10 लाखांचा. त्यात घोडबंदर रोडचे टॉवर होते, वाशी-नेरूळच्या इंग्रजी शाळा होत्या, भिवंडीचे यंत्रमाग होते आणि 1990च्या दशकात बालमृत्यूंमुळे गाजलेलं जव्हार-मोखाडाही होतं. 1 ऑगस्ट 2014ला पालघर वेगळा झाला. त्या दिवशी ठाण्याची कुठलीही सरासरी काढली असती तर ती आदल्या दिवसापेक्षा वेगळी आली असती, एकाही मुलात काही बदल न होता. नवी मुंबईचं नियोजित क्षेत्र तर ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. दिघ्याची वस्ती आणि पाम बीच रोडचे फ्लॅट एकाच महापालिकेत येतात. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतले शब्दार्थ विचारले तर त्यात शाळेची भाषा किती आणि बुद्धी किती, हे वेगळं काढायची सोय गुणपत्रिकेत नसते. चित्रांची चाचणी घेतली तरी कागदावरचे आकार ओळखायची सवय शाळेतूनच येते. त्यात लहानपणीचं कुपोषण आणि आयोडीनची कमतरता यांचा परिणाम वेगळाच.

जिल्ह्यात बुद्ध्यांकाची नोंद होतच नाही असं नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आणि अध्ययन अक्षमतेच्या दहावीच्या सवलतींसाठी रुग्णालयांत चाचण्या चालतात. पण तिथे येतं ते शिक्षकांनी किंवा पालकांनी शंका येऊन आणलेलं मूल, आणि सवलतींसाठी तर असा अर्ज करायचा असतो हे ठाऊक असलेल्या घरातलं. वांगणीपलीकडच्या पाड्यावरचं मूल त्या रांगेपर्यंत क्वचितच पोचतं. या फायलींची बेरीज करून जिल्ह्याची सरासरी काढली, तर ती त्या रांगेची सरासरी असेल.