विमान फिरलं आणि पाऊस आला, पण विमानामुळे आला का?

कृत्रिम पावसाचा विषय निघाला की आमच्या सोलापुरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते विमान फिरलं आणि संध्याकाळी आमच्याकडं पाऊस झाला, दुसरी म्हणते विमानानं ढगच पळवले, रान कोरडंच राहिलं. खोटं कुणीच बोलत नाही, दोघांनी डोळ्यानं बघितलंय. पण एका गोष्टीनंतर दुसरी घडणं वेगळं आणि पहिलीमुळे दुसरी घडणं वेगळं, आणि भांडण सगळं इथंच अडकतं.

नंतर घडलं हे कळायला नुसतं बघणं पुरतं. त्यामुळे घडलं असं म्हणायचं तर आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो लई अवघड आहे, विमान आलंच नसतं तर त्याच ढगातून किती पडला असता? ढग आपले आपणही बरसतात की, आणि विमान नेतात तेच मुळी भरलेला ढग बघून, म्हणजे जो तसाही पडणार होता त्याचं श्रेय विमानाला मिळायची शक्यता जास्त.

यावर उपाय शोधायचं काम खरंतर सोलापुरातच झालंय, आणि आपल्याच लोकांना ते फारसं माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग, म्हणून पुण्याच्या आयआयटीएमनं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं) २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथं प्रयोग केला. एकूण २७६ ढग घेतले, काहींत विमानातून कॅल्शियम क्लोराईड या क्षाराचे कण सोडले, काही तसेच ठेवले, आणि कुठल्यात सोडायचे हे मनानं न ठरवता रँडम, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळं चांगले चांगले ढग एकाच बाजूला जायची सोय राहिली नाही. मग दोन्ही गटांचा पाऊस ताडून बघितला, तर कण सोडलेल्या गटाचा साधारण १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात १८ टक्के जास्त भरला.

शिवाय हे का होतं तेही सांगता येतं: क्षाराचे कण ओलावा ओढतात, थेंब लवकर मोठे होतात आणि बारक्या थेंबांना गोळा करत खाली येतात. ढगच नसेल तर मात्र यातलं काहीच होत नाही.

आता हे १८ टक्के अनेक ढगांच्या तुलनेतून आलेत, त्यावरून अमक्याच्या शेतात मंगळवारी पडलेला पाऊस विमानाचा का आपोआपचा हे सांगता येणार नाही. आणि ढग पळवले म्हणणाऱ्यांनाही हाच हिशोब लागू, कारण विमान न फिरलेले किती ढग न बरसताच पुढं निघून गेले ते त्यांनी कधी मोजलेलं नसतं.