भांडं घेताना आधी बूड बघा

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "नवीन काय आलंय?" नवीन बरंच येत असतं. पण रोजच्या स्वयंपाकात फरक पडतो तो चार-पाच वस्तूंनीच, आणि त्यातल्या निम्म्या जुन्याच आहेत.

आधी तवा. पोळी-भाकरीला लोखंडी पत्र्याचा तवा उत्तम. घावन, आंबोळी, थालीपीठ करत असाल तर मात्र बिडाचाच, म्हणजे ओतीव लोखंडाचाच घ्या. बीड तापायला वेळ लावतं, पण एकदा तापलं की गार पीठ ओतूनही त्याचा ताव उतरत नाही, म्हणून घावनाला जाळी पडते. नवा तवा धुऊन मंद आचेवर पूर्ण कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, धूर येईपर्यंत तापवा, निववा. असं तीन-चार वेळा करा. सुरुवातीचे एक-दोन घावन तरीही चिकटतील. तवा परत आणू नका! तेल लावायला नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा घ्या. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका आणि तो हातातून पडू देऊ नका, बीड तडकतं.

कढई घेताना चकाकीला भुलू नका. नुसत्या स्टीलमधून उष्णता नीट पसरत नाही. ज्योतीच्या वरची जागा तेवढी तापते, तिथेच मसाला करपतो आणि कडेचा कांदा कच्चा राहतो. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम असतं, ते स्टीलच्या दसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. महाग आहे, म्हणून पूर्ण सेट नको, एक कढई पुरे. इंडक्शनसाठी हवी असेल तर बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तरच घ्या.

नॉनस्टिक रिकामं तापवू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो.

माळ्यावर आजीचं पितळी पातेलं असेल तर नवं घेण्याआधी त्याला कल्हई करून घ्या. कल्हई म्हणजे कथलाचा थर. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे हेही रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. तारेच्या घासणीने घासायचं नाही. आतून पितळ दिसू लागलं की त्यात आमटी, ताक, कोकम बंद, कळकतं.

एअरफ्रायर म्हणजे गरम वारा फिरवणारी छोटी भट्टी. शेंगदाणे भाजायला, कालचे सामोसे कुरकुरीत करायला छान. बटाटेवड्याचं ओलं पीठ मात्र त्यातून खाली गळतं. रोटीमेकर आम्ही विकतो, पण ज्वारीची भाकरी करणाऱ्यांनी घेऊ नये, पीठ दाबलं की कडा चिरतात. त्या पैशांत चांगली सुरी आणि धार लावायचा दगड घ्या.

कुकर तुमच्याकडे असणारच. त्यात पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा. मोठ्या आचेने डाळ लवकर होत नाही, नुसती वाफ आणि गॅस वाया जातो. शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजा. झाकणातून वाफ सुटायला लागली तर आधी गास्केट बदला. घ्यायला याल तेव्हा झाकण सोबत आणा, नुसत्या लिटरवरून माप कळत नाही.