होस्टेलवर काय न्यायचं, काय घरीच ठेवायचं
(आमच्याकडे सामान बुक करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी)

विद्यार्थ्यांचं सामान घरून होस्टेलवर आणि वर्ष संपलं की होस्टेलवरून घरी पोचवणं हा आमचा व्यवसाय. खोकी जितकी जास्त तितकी आमची कमाई जास्त, हे उघड आहे. तरी हे माहितीपत्रक खोकी कमी व्हावीत म्हणूनच छापलं आहे. परतीच्या फेरीला तीच खोकी पुन्हा आमच्या हाती येतात आणि काहींवरची जाताना लावलेली चिकटपट्टी वर्षभरात कुणी काढलेलीसुद्धा नसते.

आधी खोली, मग यादी

तयार याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण त्या लिहिणाऱ्याने तुमची खोली पाहिलेली नसते. म्हणून खरेदीला निघण्याआधी रेक्टरच्या ऑफिसला फोन करा आणि नेमकं विचारा: गादी मिळते का, पलंगाचं माप काय, कपाटाला कुलूप आपलं लावायचं का, एकाच्या वाट्याला किती सॉकेट येतात, कोणती उपकरणं चालत नाहीत, आणि सुट्टीत सामान खोलीत ठेवू देतात का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. खोली रिकामी करावी लागणार असेल, तर नेलेली प्रत्येक वस्तू वर्षातून दोन-तीनदा बांधायची आहे हे धरून चाला.

पलंगाचं माप आम्ही उगाच विचारायला सांगत नाही. एकेरी पलंग कुठे ९० सेंटीमीटर रुंद असतो, कुठे १००. लांबीही १९० ते २०० च्या दरम्यान कमीजास्त होते. इलॅस्टिकची चादर दहा सेंटीमीटरने अपुरी पडली की रात्रीतून तिचा कोपरा सुटून पाठीखाली गोळा होतो. माप कळेपर्यंत साधी, चारी बाजूंनी खोचायची चादर घ्या. ती कुठल्याही गादीवर बसते.

रूममेटचा नंबर मिळाला असेल तर एकदा बोलून घ्या. इस्त्री, किटली, आरसा, स्पीकर यातलं काहीही एका खोलीत दोन लागत नाही. (स्पीकर तर एकसुद्धा लागत नाही, असं आमचं मत.)

विजेचं गणित

नियम मोडण्याचे आणि सामान जप्त होण्याचे प्रकार इथेच जास्त होतात. उपकरण उलटं करून तळाचं लेबल वाचा. तिथे वॉट लिहिलेले असतात. त्यांना व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. १५०० वॉटची किटली २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेते. आता एक्स्टेंशन बोर्डावरचा आकडा बघा. तो ६ अँपिअरचा असेल, तर नुसत्या किटलीनेच त्याची मर्यादा ओलांडली. उलट ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर, मोबाइलचा चार्जर आणि टेबलावरचा एलईडी दिवा मिळून अर्धा अँपिअरही होत नाही. थोडक्यात, तापणाऱ्या वस्तू भारी आणि बाकीच्या किरकोळ. शेगडी, हीटर, पाण्यात सोडायची कॉइल हे परवानगी आहे असं स्पष्ट कळल्याशिवाय घेऊच नका. स्विच असलेला, दोन-तीन मीटर वायरचा एक चांगला बोर्ड घ्या आणि एका बोर्डात दुसरा बोर्ड कधीही लावू नका.

पहिल्या रात्रीची बॅग

ही बॅग आमच्याकडे देऊ नका, स्वतःजवळ ठेवा. गाडी वेळेवर पोचावी असा आमचा प्रयत्न असतो, पण रस्त्यावर आमचा ताबा नाही. या बॅगेत चादर, टॉवेल, एक-दोन जोड कपडे, साबण-पेस्ट, चार्जर, कुलूप (दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या जागी), औषधं आणि कागदपत्रं असू द्या. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. डबीत सुट्या काढलेल्या गोळ्या कशाच्या आहेत हे अडचणीच्या वेळी कुणालाच सांगता येत नाही. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, ते प्लॅस्टिक कागद न फाटता पुन्हा निघत नाही. साध्या फाइलमध्ये ठेवा आणि झेरॉक्स वेगळ्या ठेवा.

पॉवर बँकही याच बॅगेत. विमानाने जाणार असाल तर ती चेक-इन सामानात टाकता येत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते, आणि तिथेही १०० वॉट-अवरपर्यंतचीच विनापरवानगी चालते. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे अडचण नाही.

कपडे आणि पुस्तकं

कपडे किती, हे धुण्यावर ठरवा. आठवड्यातून एकदा धुणार असाल तर आठ-दहा दिवसांचे पुरे, आणि तेही चालू हंगामाचे. पुढच्या हंगामाचे पहिल्या सुट्टीत न्या. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या वापरताना एक लक्षात घ्या: आकार घटतो, वजन तेवढंच राहतं. शिवाय परत येताना हवा काढायचं यंत्र खोलीत नसतं. कपडा जरासा जरी दमट असेल, तर बंद पिशवीत त्याला बुरशी धरते.

पुस्तकांचं वजन सगळ्यांनाच चकवतं. ए-फोर आकाराच्या ५०० कागदांचं एक रीम साधारण अडीच किलो भरतं. त्यावरून जाडजूड ग्रंथांचा अंदाज करा. पहिल्या सत्राची पुस्तकं ग्रंथालयात मिळतात का, हे सीनियरना विचारल्याशिवाय खोकं भरू नका. जी न्याल ती छोट्या खोक्यात भरा. एका खोक्यात २० किलोच्या वर आम्ही घेत नाही, कारण लिफ्ट नसली की ते कुणाच्या तरी पाठीवरूनच वर जातं.

हटकून राहणाऱ्या वस्तू: नेलकटर, सुई-दोरा, कात्री, टॉर्च, कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे, जादा चष्मा, कानात घालायचे बोळे. गिटार घरी वाजवत असाल तर जरूर न्या. तिथे जाऊन शिकू, या भरवशावर नेऊ नका.

बांधाबांध आणि पोच

खोक्याच्या तळाला दुहेरी पट्टी मारा. जड वस्तू खाली, हलक्या वर. शाम्पू-तेलाच्या बाटलीचं झाकण उघडून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, पुन्हा घट्ट लावा आणि बाटली उभीच ठेवा. नाव, खोली क्रमांक आणि फोन दोन बाजूंना लिहा. नुसता वर लिहिलेला मजकूर दुसऱ्या खोक्याखाली झाकला जातो. बंद करण्याआधी आतला फोटो काढा. रोकड, दागिने, काडेपेटी, गॅसचे डबे, स्प्रे आणि सुट्या बॅटऱ्या आम्ही नेत नाही.

खोकी हातात आली की आधी मोजा, पट्टी फाटली आहे का ते बघा, काही आढळलं तर पावतीवर लिहा आणि मगच सही करा. रिकामी खोकी टाकू नका. सपाट करून गादीखाली सरकवलीत, तर परतीच्या बुकिंगला नवी घ्यावी लागत नाहीत.