गुरुजींविना सापडलेले मटार

ज्यांना स्वतःलाच विषय येत नाही, ती माणसं एकमेकांना काय शिकवणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांनी 'गॅलॅक्सी झू'ची ही हकिकत जरूर वाचावी.

जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात 'स्लोन' या दुर्बिणीतून केलेल्या आकाश सर्वेक्षणातल्या लाखो दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे फोटो सामान्य लोकांपुढे ठेवले गेले. दीर्घिका सर्पिल की लंबवर्तुळाकार, एवढंच सांगायचं होतं. काहींना मध्येच बारीक, गोल, हिरवे ठिपके दिसले. गमतीने ते त्यांना 'मटार' म्हणू लागले आणि ऑनलाइन चर्चेत जमवू लागले. तारे असतील की दीर्घिका? शास्त्रज्ञ अधूनमधून डोकावत, पण वर्ग घेणारं कुणी नव्हतं. सर्वेक्षणाचे वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती आला ते दाखवणारे आलेख, मात्र सर्वांना खुले होते, आणि ते वाचायला ही मंडळी एकमेकांकडून शिकली.

वर्णपटात एक रेषा प्रचंड ठळक होती. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा, हिरवट प्रकाश देतो. म्हणून मटार हिरवे? नाही, आणि खरी मजा इथेच आहे! मटार म्हणजे दीर्घिकाच निघाल्या, त्याही अब्जावधी प्रकाशवर्षं दूर. विश्वाच्या प्रसरणामुळे वाटेत प्रकाश ताणला जातो आणि ती रेषा साधारण ५५७ ते ६८१ नॅनोमीटरवर, म्हणजे पिवळसर ते लाल भागात सरकते. हा भाग दुर्बिणीच्या 'आर' फिल्टरमध्ये येतो. स्लोनच्या रंगीत फोटोंत 'जी' फिल्टरचा प्रकाश निळा, 'आर'चा हिरवा आणि 'आय'चा लाल दाखवतात. त्यामुळे लालसर प्रकाश फोटोत हिरवा दिसतो. याच दीर्घिका बऱ्याच जवळ असत्या, तर रेषा 'जी'मध्ये राहून ठिपके निळे दिसले असते.

शिक्षकाशिवाय हे जमलं, कारण अंदाज चुकला तर वर्णपटात ती रेषाच सापडत नसे. मग बोलणारा कितीही ठाम असो, तो ठिपका यादीतून बाद. ग्रहणात अन्न विषारी होतं असं व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलणारेही एकमेकांना शिकवतच असतात, पण तिथे पडताळा कुणीच घेत नाही. नुसती माणसं जमली की ज्ञान तयार होतं, हा गाजावाजा म्हणूनच मला पटत नाही.

हौशी मंडळींनी शंभरावर मटार गोळा केले. त्यावरून निकष ठरवून खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन कार्डामोन आणि सहकाऱ्यांनी संगणकाने शोध घेतला, तेव्हा २५१ मटार हाती लागले. २००९ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. आकाशगंगेपुढे या दीर्घिका अगदीच चिमुकल्या, पण त्यांत वर्षाला सुमारे दहा सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे जन्मतात.