३६० व्हिडिओ आणि खरं व्हीआर: सिव्हिलच्या पोरांना नेमकं काय पाहिजे

इकडं लातूर-नांदेडकडं आजकाल कुठल्याबी इंजिनिअरिंग कॉलेजात गेलं की सिव्हिलवाले कौतुकानं सांगतात, सर आम्ही व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) लॅब केली, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट आता त्याच्यातच शिकवतो. बघायला जावं तर पोरगं डोळ्याला डबा लावून उभं, आत कुठल्यातरी साइटचा व्हिडिओ चालू, मान फिरवली की सेंटरिंग दिसतंय, वर बघितलं की आभाळ. भारी आहे, नाही म्हणत नाही मी, पण ते व्हीआर नाही ओ, तो ३६० डिग्री व्हिडिओ आहे. विकणारा दोन्हीला एकच नाव सांगतो आणि घेणाऱ्याला फरक माहीत नसतो, मग घोळ होतो.

ओळखायचं कसं, तर एकदम सोपं. हेडसेट घाला आणि कॉलमजवळ जाऊन खाली बसा. व्हिडिओ असला तर जवळ जाताच येत नाही, आणि बसलात तर सगळी साइट तुमच्यासोबत खाली येते, कारण कॅमेरा ज्या उंचीवर ट्रायपॉडवर ठेवला होता तिथंच तुमचे डोळे अडकलेले असतात. खऱ्या व्हीआरमध्ये कॉम्प्युटरनं बनवलेलं थ्रीडी मॉडेल असतं, तिथं बसलात की कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांभोवतीच्या कड्या) डोळ्यासमोर येतात, बोट लावून मोजता येतात, मागं वाकून बीमच्या खालची सळई बघता येते. ह्याला ते लोक थ्री डॉफ (व्हिडिओ) आणि सिक्स डॉफ (खरं व्हीआर) म्हणतात, डॉफ म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम, किती प्रकारची हालचाल कळते ते. पहिल्यात फक्त मानेच्या तीन हालचाली कळतात, दुसऱ्यात पुढं-मागं, डावी-उजवी, वर-खाली ह्या पण. व्हिडिओत डोकं सरकतंय आणि चित्र सरकत नाही म्हणल्यावर काही पोरांना मळमळतं, त्यांना नावं ठेवू नका.

आणि ते ‘४के क्वालिटी’ म्हणून सांगतात ना, तिथं जरा गणित करा. ३८४० पिक्सेल आख्ख्या गोलावर पसरलेले असतात, तुम्हाला एका वेळी साधारण ९० अंशाचा तुकडा दिसतो, म्हणजे डोळ्यासमोर आले ९६०. म्हणून टेपवरचा आकडा वाचता येत नाही.

पण व्हिडिओला कमी लेखू नका. त्याच्यात खरी घाण असते, कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) न टाकता तशीच पसरलेली सळयांची जाळी, काँक्रीटमध्ये पडलेलं हनीकॉम्ब (पोकळ भोकं), उन्हाळ्यात फाटलेली काळी माती, मिक्सरच्या आवाजात मुकादम ओरडतोय आणि कुणाला काही ऐकू येत नाही. मॉडेलमध्ये हे नसतं, तिथं प्रत्येक कॉलम ओळंब्यात असतो आणि पोरांना वाटतं साइट अशीच राहते. ज्या पोरानं स्लॅबचा दिवस कधी बघितलाच नाही त्याला आधी व्हिडिओच दाखवा, साधा मोबाईल आणि पुठ्ठ्याचा डबा पुरतो (गूगलचा कार्डबोर्ड २०१४ ला आला तो हाच प्रकार).

आता खरा मुद्दा. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट हा विषय साइट कशी दिसते ह्याचा नाही, कशाच्या आधी काय आणि किती दिवसांनी ह्याचा आहे. आपलं वेरूळचं कैलास लेणं घ्या, आठव्या शतकातलं राष्ट्रकूटांचं काम, वरून खाली कोरत आणलेलं. आधी कळस, पाया शेवटी, कुठल्याबी बारचार्टच्या (कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्याच्या) उलटं. तिथं ३६० कॅमेरा नेला तर आज जे उभं आहे तेवढंच मिळणार, कितीबी भारी कॅमेरा असू द्या. अर्धं कोरलेलं कैलास फक्त मॉडेलमध्येच दाखवता येतं, कारण मॉडेलमध्ये वेळ मागं नेता येते.

हेच आपल्या साध्या स्लॅबला लावा. रेव्हिट ह्या सॉफ्टवेअरमधलं थ्रीडी मॉडेल घ्यायचं, त्याला एमएस प्रोजेक्ट ह्या सॉफ्टवेअरमधलं शेड्यूल जोडायचं, थ्रीडी अधिक वेळ, ह्यालाच फोर-डी म्हणतात, आणि ते हेडसेटमध्ये टाकायचं. मग पोराला स्लॅबखाली उभं करून विचारायचं, टेके (स्लॅबखालचे तात्पुरते आधार) कधी काढतो? आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंट असेल तर ४.५ मीटरपर्यंत गाळ्याच्या (स्पॅनच्या) स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, आणि ६ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या बीमला २१. कागदावर हे पाठ असतं पोरांना, पण स्वतःच्या शेड्यूलमध्ये पाचव्या दिवशी टेके गायब झालेले आणि वर स्लॅब, खाली आपण, असं बघितलं की पोरगं गप होतं. व्हिडिओत ही चूक करताच येत नाही, आणि खऱ्या साइटवर कुणी करू देणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, ७ दिवसांचा नियम मॉडेलला आपोआप कळत नाही, मास्तरनं तो आत घालावा लागतो.

म्हणून खर्च हेडसेटचा नाहीच, मेटा कंपनीच्या क्वेस्टसारख्या एकाच हेडसेटवर दोन्ही चालतं. खर्च आहे मॉडेल बनवणाऱ्या माणसाचा. रेव्हिटची फाइल जशीच्या तशी टाकली तर खिळ्या-स्क्रूपर्यंत सगळं आत येतं, हेडसेटला सेकंदाला ७२ फ्रेम झेपत नाहीत, चित्र झटके खातं आणि वर्ग उलट्या करतो. एका कॉलेजात मी बघितलं, आठ-दहा हेडसेट आले, सोबत पेनड्राइव्हमध्ये सहा व्हिडिओ, ते सगळ्यांचे दोनदा बघून झाले आणि हेडसेट गेले कपाटात. मॉडेल करायचं कुणी हे विचारलंच नव्हतं. चावी कुणाकडं आहे हे आता शिपायालाच माहीत.