‘जीव वाचला’ म्हटल्यानंतर

राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात. डोक्याला मार लागलेले रुग्ण गडचिरोली, गोंदियापासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतहून इथे येतात. माझा धाकटा भाऊ मात्र गावातच, घरापासून दोन चौकांवर गाडीवरून पडला. हेल्मेट हँडलला लटकलेलं होतं.

आधी वैद्यकशास्त्र जीव वाचवायला शिकलं. १९७१ मध्ये लंडनला मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि कवटी न उघडता आतलं दिसू लागलं. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी शुद्धीची मोजपट्टी दिली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल, मिळून ३ ते १५ गुण. आयसीयूबाहेर आपल्याला ‘स्कोर आठ आहे’ सांगतात, तो हाच.

वाचणारे वाढले, तसे घरी परतल्यावर अडणारेही वाढले. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ब्रिटनमध्ये १९७९ साली ‘हेडवे’ ही संस्था सुरू झाली. आपल्याकडे याला बराच वेळ लागला. २००५ मध्ये जोधपूरच्या राजघराण्यातले शिवराजसिंह पोलो खेळताना पडले, डोक्याला मार लागला. त्यानंतर वडील गजसिंह यांनी २००७ मध्ये इंडियन हेड इंजुरी फाउंडेशन उभारलं.

कायद्याने हेल्मेट १९८८ पासूनच सांगितलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण मेंदूची दुखापत त्यात वेगळ्या नावाने नाही. हात लुळा पडला तर दाखला मिळणं त्यातल्या त्यात सोपं. आठवणच राहत नसेल, तर काय दाखवायचं?

सूज उतरेपर्यंत भावाच्या कवटीचा तुकडा पोटाच्या कातडीखाली ठेवला होता. तो परत बसवला, केस वाढले, व्रण झाकला गेला. मग शेजारी विचारू लागले, “दिसते तर चांगला, कामावर काहून जात नाही?” तो जेवून उठतो आणि दहा मिनिटांनी ताट मागतो. कुकरच्या शिट्टीने चिडतो. वहिनीने फ्रिजवर वही टांगली आहे: गोळी घेतली, जेवण झालं, गॅस बंद.

डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी काढायचे ते होतं. विसरणं, राग, झोप यांबद्दल एक ओळ नव्हती. हे सगळं त्या दुखापतीचंच आहे, असं वहिनीला तिसऱ्या महिन्यात कळलं, ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या आईकडून. वहीची युक्तीही त्या माउलीचीच.