मंदीत पुन्हा नोकरी शोधताना: आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

नोकरी शोधण्याची तयारी करायला आमच्याकडे येणारे बहुतेक जण बसल्या बसल्या एकच प्रश्न विचारतात: "रेझ्युमेमधली गॅप कशी झाकायची?" कुणाची नोकरी कपातीत गेलेली असते, कुणी मुलं लहान म्हणून थांबलेलं असतं, कुणाची काही वर्षं घरातल्या आजारपणात गेलेली असतात. सगळ्यांना आमचं उत्तर एकच. झाकू नका.

हे आम्ही नुसता धीर देण्यासाठी म्हणत नाही. अमेरिकेत तीन अर्थतज्ज्ञांनी सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज जवळपास ३,००० जाहिरातींना पाठवून पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की बेकारीचे महिने वाढतात तशी मुलाखतीची बोलावणी घटतात, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते. मात्र जिथे नोकऱ्यांची आधीच चणचण होती, तिथे गॅपचा फटका सौम्य होता. तेजीत कुणी वर्षभर रिकामं असेल तर कंपनीला त्या माणसाबद्दलच शंका येते. मंदीत मात्र चांगली माणसंही घरी बसतात, हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

म्हणून रेझ्युमेत एक सरळ ओळ लिहा: "विभाग बंद झाल्याने पद रद्द", किंवा "कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम", सोबत महिना आणि वर्ष. न केलेली कन्सल्टन्सी त्या जागी घालू नका. चौकशीत ती उघडी पडली की खऱ्या अनुभवावरचाही विश्वास उडतो. मुलाखतीत या विषयाला दोन वाक्यं पुरतात; तिसरं वाक्य कामाबद्दल असू द्या.

अर्जांपेक्षा ओळखी

दिवसाला पन्नास अर्ज टाकून थकलेली माणसं आम्ही रोज पाहतो. एका जाहिरातीवर शेकडो अर्ज पडत असताना तो मार्ग अरुंदच असतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३ साली मांडलेलं निरीक्षण आम्हाला आजही उपयोगी पडतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार गाठभेट होत होती. बाकीच्यांना वाट दाखवली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांनी. जवळच्या माणसांना बहुधा तेवढंच माहीत असतं जेवढं आपल्याला. जुना सहकारी, पूर्वीचा पुरवठादार, प्रशिक्षणात भेटलेलं कुणी, अशा माणसांच्या कानावर वेगळ्या बातम्या असतात.

त्यांना "माझ्यासाठी काही आहे का?" असं विचारलं की ती अवघडतात, कारण हातात देण्यासारखं काही नसतं. त्याऐवजी असं लिहून पाहा: "बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी पुन्हा कामाला लागायच्या तयारीत आहे. तुमच्या क्षेत्रात सध्या कुठल्या कामाला माणसं लागताहेत, यावर पंधरा मिनिटं बोलता येईल का?" संकोच वाटतो, हे आम्हाला माहीत आहे. पहिले तीन निरोप आमच्यासमोर बसून पाठवा. पुढचे सोपे जातात.

किती काळ धरून चालायचं?

मनात येतो त्यापेक्षा जास्त. अमेरिकेतली मोठी मंदी अधिकृतपणे जून २००९ मध्ये संपली, पण बेकारीचा दर १० टक्क्यांच्या शिखरावर पोहोचला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. कंपन्या आधी आहे त्या माणसांकडून जास्त काम करून घेतात, भरती नंतर. त्यामुळे घरखर्चाचा हिशेब पहिल्याच आठवड्यात करा आणि घरच्यांना त्यात सामील करून घ्या. दरम्यान आपल्याच क्षेत्रातलं कंत्राटी काम आलं तर आमच्या मते घ्यावं: हात चालता राहतो आणि रेफरन्सही ताजा मिळतो.

नोकरीसाठी नोंदणी फी, प्रशिक्षण ठेव अशा नावाखाली आधी पैसे मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. मंदीत अशांचं फावतं. आम्हीही नोकरीची हमी देत नाही. तयारी करून घेतो.

पहिल्या भेटीला येताना जुना रेझ्युमे आहे तसाच आणा, नीटनेटका करत बसू नका. सोबत तुम्हाला खरोखर करावंसं वाटणाऱ्या कामाच्या तीन जाहिराती, आणि वर्षभरात ज्यांच्याशी बोलणं झालेलं नाही अशा पंधरा जणांची नावं.